माळाची किंमत पाण्यावरून

रानाची वाटणी करायची वेळ आली की आपण आधी एकर मोजतो, मग गुंठे मोजतो आणि शेवटी बांधावरची झाडे मोजतो. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि आपले जनावर त्या पाण्यापर्यंत कोणत्या वाटेने जाते, हे मात्र कोणी कागदावर मांडत नाही. आमच्या घरच्या वाटणीत आम्ही ते मांडले. त्यामागे सात समुद्रांपलीकडच्या एका कोरड्या मुलखाचा नकाशा होता. माणदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा त्या नकाशाशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. तो संबंध सांगावा म्हणूनच हे लिहीत आहे.

मी बाहत्तरच्या दुष्काळात बारा वर्षांचा होतो. शाळा सोडून वडिलांबरोबर कामावर जायचो. तिथे बांधबंदिस्तीच्या ओव्हरसीयर साहेबांनी आम्हा पोरांना कंटूर म्हणजे काय ते समजावले होते. डोंगराच्या अंगावर एकाच उंचीने चालत राहायचे, ना वर चढायचे ना खाली उतरायचे. त्या चालीची जी रेघ होते ती कंटूर. त्या रेघेवर बांध घातला की पाणी धावत नाही, थबकते आणि मुरते. ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, कारण आपल्या हातांनीच ते बांध घातलेले आहेत. पण तीच रेघ कागदावर काढली की डोंगर, दरी, घळ, सपाटी सारे वाचता येते, हे मला फार उशिरा समजले.

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत नेवाडा राज्यात एल्को नावाच्या गावी होते. जावई तिथल्या सोन्याच्या खाणीवर भूगर्भाचे काम पाहत. २०१८ च्या उन्हाळ्यात मी अडीच महिने त्यांच्याकडे राहून आलो. अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवीगार कुरणे आणि मोठमोठी यंत्रे येतात. इथे पाहतो तो सारा उघडा मुलूख! नेवाडा हे त्या देशातले सर्वांत कोरडे राज्य. एल्कोला वर्षाकाठी दहा इंचांच्या आसपास पाऊस आणि तोही बराचसा बर्फाच्या रूपाने. पाच हजार फूट उंचीवरचे पठार, त्यावर राखी रंगाची गुडघाभर झुडपे आणि लांबवर रूबी नावाच्या डोंगररांगेवर जूनमध्येही शिल्लक असलेला बर्फ. तो बर्फ विरघळतो तेव्हा ओढे वाहतात. विरघळून संपला की बरेचसे ओढे आटतात. आपल्याकडे आभाळ फाटले तर ओढ्याला पूर येतो, तिकडे ऊन वाढले की येतो, एवढाच काय तो फरक.

तिथल्या हंबोल्ट नदीचे मला नवल वाटले. सुमारे तीनशे मैल वाहून ती समुद्राला मिळतच नाही. वाळवंटातल्या एका सखल जागी जाऊन ती जिरते आणि वाफ होऊन जाते. नदी म्हणजे शेवटी सागराला मिळायची, हे आपण लहानपणापासून शिकतो. या नदीला तेवढेही पुरत नाही.

जावयांच्या घरी भिंतीवर त्या भागाचा मोठा नकाशा लावलेला होता. दुपारी घरात कोणी नसे, तेव्हा मी चष्मा लावून त्याच्यापुढे बसायचो. त्यात तपकिरी रेघा म्हणजे आपल्या कंटूर. जिथे त्या दाटीवाटीने आल्या तिथे चढ, जिथे विरळ तिथे सपाटी. पाणी निळ्या रंगात. बारा महिने वाहणारा ओढा अखंड निळ्या रेघेचा आणि काही महिन्यांपुरता वाहणारा तुटक निळ्या रेघेचा. झऱ्याची जागा वेगळी दाखवलेली, पवनचक्कीवर चालणारा पंप वेगळा, गुरे कोंडायचा वाडाही नावानिशी लिहिलेला. मैलच्या मैल मोकळ्या जागेत एखादा झरा असेल, तर तो बरोबर टिपलेला. मुलगी म्हणाली की दक्षिणेकडच्या ॲरिझोना आणि टेक्सास भागात गुरांच्या पाण्याच्या तळ्याला ‘टँक’ म्हणतात आणि नकाशावर तसेच लिहितात. या इंग्रजी शब्दाचे नाते शब्दकोशवाले आपल्याच पश्चिम हिंदुस्थानातल्या टांकी, टाके या शब्दांशी जोडतात. ते ऐकून मला बरे वाटले.

त्या नकाशावर आणखी एक गोष्ट होती. सगळ्या मुलखावर मैलामैलाचे तांबड्या रेघांचे चौकोन. एक चौकोन ६४० एकरांचा. असे ३६ चौकोन मिळून एक मोठा चौकोन. त्यांना आकडे घातले होते ते पाहून मला हसू आले. वरच्या ओळीत एक ते सहा उजवीकडून डावीकडे, खालच्या ओळीत सात ते बारा डावीकडून उजवीकडे, पुन्हा तेरापासून उलट. बैल तासाच्या शेवटाला वळून परत येतात, तसे! पण नांगर धरणारा माणूस चढ-उतार बघून तास घालतो. या रेघा मात्र दूर कचेरीत ठरलेल्या. डोंगर आला तरी सरळ, दरी आली तरी सरळ. निळा ओढा आपल्या मनाने वळत वळत जातो आणि तांबडी रेघ त्याला मधेच कापून पुढे निघून जाते. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना तर एक चौकोन रेल्वे कंपनीला आणि शेजारचा सरकारला असे सोंगट्यांच्या पटासारखे वाटप झालेले. एखाद्या चौकोनात ओढ्याची दोन वळणे आली आणि त्याला लागून असलेल्या चार चौकोनांत पाण्याचा थेंब नाही. क्षेत्र मात्र सगळ्यांचे सारखे!

जावयांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या पशुपालकाकडे आम्ही दोनदा गेलो. अशा गुरे पाळायच्या मोठ्या रानाला तिकडे रँच म्हणतात. त्याच्या मालकीची जमीन ओढ्याकाठची तेवढीच. त्यात तो लसूणघास आणि गवत घेतो. गुरे चरतात ती सरकारी माळावर. नेवाडातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास जमीन केंद्र सरकारची आहे. तिथे चराईचा परवाना असतो आणि हिशेब ठरतो तो एका गाय-वासराच्या एका महिन्याच्या चाऱ्यावर. एक गाय वर्षभर जगवायला तिथे आपल्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांच्या साऱ्या जमिनीपेक्षा जास्त रान लागते.

मी त्याला मुलीकरवी विचारले, बाबा, तुझे रान किती? त्याने एकर सांगितलेच नाहीत. नकाशा पसरला आणि झरे दाखवले. इथे एक, इथे एक, इथे पंप बसवलेला. मग त्याने समजावले की गाय पाण्यापासून मैल-दोन मैलांपलीकडे सहसा चरायला जात नाही. त्यापलीकडचे गवत उभे वाळते. ते नकाशावर तुझे असले तरी तुझ्या गाईच्या पोटात जात नाही. म्हणून एक झरा ज्याच्या हाती, त्याच्या हाती भोवतालचे हजारो एकर. पूर्वी लोकांनी हेच केले. झऱ्याभोवतीचा एक तुकडा नावावर करून घ्यायचा. उरलेला माळ कागदोपत्री कोणाचाही असो, तिथे दुसऱ्याची गुरे टिकतच नाहीत.

पाण्याचा कायदाही तिकडे वेगळा आहे. ज्याने पाणी आधी वापरात आणले त्याचा हक्क पहिला. हक्काला साल जोडलेले असते आणि पाणी कमी पडले की अलीकडच्या सालाचे हक्क आधी बंद होतात. पण या ‘पहिल्या’ हक्कातही एक गोम आहे. त्या झऱ्यांवर शोशोनी लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. त्यांच्याबरोबर १८६३ साली रूबी खोऱ्यात तहही झाला. तरी पशुपालकांची साले लिहिली गेली तेव्हा सगळ्यांत आधीच्या त्या माणसांची गणना झाली नाही. कागदावर जो चढला तो पहिला ठरला. आपल्याकडेही कोण वहिवाटतो आणि कोणाचे नाव लागते, यात अंतर पडल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील.

त्या म्हाताऱ्याने १८८९-९० च्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली. त्याने ती आपल्या आजाकडून ऐकलेली. त्या भागात त्याला पांढरा हिवाळा म्हणतात. तोवर लोक गुरे वर्षभर माळावर मोकळी सोडीत. त्या वर्षी बर्फ एवढा पडला की गवत गाडले गेले आणि गुरे कळपाच्या कळपाने मेली. तेव्हापासून उन्हाळ्यात ओढ्याकाठी गवत कापून गंजी रचायची आणि हिवाळ्यात घालायची, ही रीत त्या भागात पक्की झाली. म्हणजे वरचा माळ आणि खालचा ओढा ही जोडी तुटली की गुरे मरतात. हे मी मनात नोंदवून ठेवले.

ही गोष्ट एका माणसाने त्याआधीच ओळखली होती. जॉन वेस्ली पॉवेल त्याचे नाव. यादवी युद्धात १८६२ साली त्याचा उजवा हात गेला. तशा एका हाताने त्याने १८६९ मध्ये कोलोरॅडो नदीच्या अवघड दऱ्यांतून होड्या नेल्या. पुढे तो त्या देशाच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्याचा प्रमुख झाला आणि असे नकाशे काढण्याचे काम त्याने जोरात चालवले. १८७८ साली त्याने सरकारला कोरड्या मुलखाविषयी एक अहवाल दिला. वीस इंचांपेक्षा कमी पावसात नुसत्या आभाळाच्या भरवशावर शेती धड होत नाही, असे त्याने लिहिले. त्या वेळी १८६२ च्या कायद्याने कुटुंबाला १६० एकर जमीन मिळे. पॉवेल म्हणाला, ओलिताची असेल तर ८० एकरही पुरे. पण नुसते चराईचे रान असेल तर २५६० एकर हवे आणि त्यात थोडा तरी तुकडा, वीस एकरांपर्यंतचा, ओलिताचा हवा. चौकोन आखू नका. जमिनीचा उतार आणि पाणी बघून हद्दी आखा, म्हणजे पाण्याचा काठ जास्तीत जास्त कुटुंबांना मिळेल. घरे जवळजवळ बांधू द्या, म्हणजे शाळा आणि रस्ते होतील. माळाला कुंपणे नकोत. नऊ किंवा जास्त कुटुंबांनी एकत्र येऊन आपली व्यवस्था आपण ठरवावी.

त्याचे कोणी ऐकले नाही. चौकोन वाटले गेले. पुढे १९१६ साली खास गुरे पाळण्यासाठी म्हणून ६४० एकरांचा कायदा केला, तोही पॉवेलच्या आकड्याच्या चौथाई. कित्येक कुटुंबे आली, राबली आणि कोरड्या सालांत घरेदारे टाकून निघून गेली.

मेंढपाळांची कथा तर मला आपल्या घरचीच वाटली. स्पेन आणि फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या डोंगराळ भागातून बास्क नावाचे लोक तिथे मेंढरे राखायला आले. उन्हाळ्यात डोंगरावर, हिवाळ्यात खाली, अशी त्यांची पायपीट. डोंगरातल्या झाडांच्या पांढऱ्या सालीवर त्यांनी कोरलेली नावे आणि साले अजून दिसतात. त्यांच्यातले काही स्वतःची मेंढरे घेऊन फिरत, पण जमीन कोणाच्याच नावावर नाही. १९३४ साली चराईला शिस्त लावणारा कायदा झाला. माळ फार उजाड झाला होता, कायद्याची गरज होती. पण परवाना मिळायचा तर स्वतःची जमीन किंवा पाणी हवे. ज्यांच्याकडे नुसती मेंढरे आणि काठी होती, त्यांचे फिरणे संपले. आपले धनगर बांधव दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात, वाटेत शेतात मेंढरे बसवतात, तिथे अशीच अट आली तर काय होईल, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

आता घरची गोष्ट सांगतो. आम्ही तिघे भाऊ, बहीण नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात वाटणी करायचे ठरले. रान चोवीस एकर. सहा एकर ओढ्याकाठचे काळे, नऊ एकर मधले मुरमाड आणि नऊ एकर वरचा माळ. विहीर एक, ती ओढ्याकाठी. धाकट्याची सत्तर मेंढरे आहेत, त्याचे घर त्यांच्यावरच चालते.

मधल्याने तोड काढली, “दादा, काठ आपण दोघं घेऊ, तीन-तीन एकर, अन् मधल्यातलं चार-चार. धाकल्याला मेंढरं हायती, त्याला सगळा माळ देऊ अन् वर एक एकर. आपल्याला सात-सात, त्याला धा. त्याचं नुकसान कुठं हाय?”

वरून पाहिले तर ही तोड चांगलीच होती. मेंढरवाल्याला माळ आणि तोही तीन एकर जास्तीचा. भावकीतल्या चार जाणत्यांनीही माना डोलावल्या. मला मात्र तो झरे मोजणारा म्हातारा आठवला.

मी पुतण्याला सर्वे ऑफ इंडियाचा आमच्या भागाचा नकाशा काढायला लावला. आमचा मुलूख ४७ के या क्रमांकात येतो. त्या नकाशात कोरडे पडणारे ओढे काळ्या रेघेने दाखवतात आणि पाणी असलेले निळ्या. आमच्या डोंगराखाली जिकडेतिकडे काळ्या रेघा! आमचे सारे रान त्यात नखाएवढे, म्हणून पोरांनी गावनकाशावरून मोठा कागद केला. पहिल्या वळवाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे रानातून चाललो आणि पाणी कुठून उतरले, कुठे साचले, ते त्या कागदावर निळ्या पेन्सिलीने काढले. मेंढरे ज्या वाटेने विहिरीवर उतरतात ती वाटही काढली.

मग तो कागद ओसरीवर पसरून मी विचारले, “धाकल्याची मेंढरं पाणी कुठं पित्याल?”

“हिरीवर येत्याल की.”

“हीर कुणाच्या वाट्यात?”

“माझ्या. मी काय आडिवतोय व्हय?”

“तू न्हाय आडवणार. तुझा पोरगा? माझा पोरगा?”

कोणी काही बोलले नाही. मग दाराआडून धाकट्याची बायको म्हणाली, “दादा, बारा-तेराच्या दुष्काळात मी लांबनं घागरी आणल्या. माणसाला घागर पुरती, मेंढराला पुरत न्हाय.”

मी हिशेब मांडला. उन्हाळ्यात एका मेंढराला पाच लिटर धरले तरी सत्तर मेंढरांना रोजचे साडेतीनशे लिटर. पाण्याची वाट नसेल तर दहा एकर नावावर असून त्याची मेंढरे तिथे टिकणार नाहीत. दोन उन्हाळ्यांत तो मेंढरे विकेल आणि तिसऱ्या उन्हाळ्यात माळ.

अखेर ठरले ते असे. ओढ्याकाठापासून मधल्या रानाच्या टोकापर्यंत उभे तीन पट्टे, प्रत्येकी पाच एकर. प्रत्येकाला काठ मिळाला, जेमतेम एकशेसाठ फुटांचा, पण ट्रॅक्टर वळायला तेवढा पुरतो. वरचा माळ सामाईक ठेवला. विहीर सामाईक. प्रत्येकाला आठवड्याचे दोन दिवस आणि सातव्या दिवशी जनावरांचा हाळ भरायचा. माळापासून हाळापर्यंत बारा फुटांची पाणंद, तिघांच्या रानातून सारखी गेलेली. हे सारे नोंदणी केलेल्या वाटणीपत्रात लिहिले आणि विहिरीचे हिस्से व वाटेचा हक्क सातबाराच्या इतर हक्कांत नोंदवून घेतले. तोंडी शब्द आपल्या पिढीपुरता टिकतो, कागद पोरांपर्यंत जातो.

मधला भाऊ पूर्ण खूश नाही. ओलिताचे तीन एकर धरून बसला होता, हाती दोनच आले. त्याच्या सुनेने ते दोनदा बोलूनही दाखवले. त्याचे म्हणणे अगदी खोटे नाही आणि मीही एक एकर सोडलाच आहे. त्या वर्षी पाऊस कमी झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात विहिरीला तळ दिसायला लागला. तेव्हा पाळ्यांवरून कुरबुर झाली. पण पाणंद कोणी अडवली नाही आणि हाळ एक दिवसही कोरडा राहिला नाही. धाकट्याची मेंढरे सत्तरची ऐंशी झाली. ती तिघांच्याही पट्ट्यांत रात्री बसतात आणि खत तिघांनाही मिळते.

पॉवेल साहेबाचे २५६० एकर आपल्या कामाचे नाहीत. आपल्याकडे माणसे फार आणि रान थोडे. त्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे. तेव्हा वाचकहो, ज्यांच्या घरी वाटणी निघाली असेल त्यांनी टेप लावण्याआधी एक काम करावे. चांगला पाऊस पडून गेला की भावाभावांनी, बायका-पोरांनी मिळून रानातून एक फेरी मारावी. पाणी कुठून उतरते, कुठे थांबते आणि जनावर तिथवर कसे जाते, ते साध्या कागदावर काढावे. मग त्या कागदावर हद्दी आखाव्यात आणि मोजणीदाराला नंतर बोलवावे.